कान्तियोंची क्रीक : साखर संपल्यावर उरणारी चेरी

फळांची बिअर म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गोड, गुलाबी आणि चार घोटांनंतर नकोसे होणारे पेय येते. ब्रसेल्समधील कान्तियों या ब्रुअरीची क्रीक, म्हणजे लाकडी पिंपात मुरलेल्या बिअरमध्ये आंबट चेरी घालून केलेली बिअर, या कल्पनेच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहे. तिच्यात चेरी सढळ हाताने घातलेली असते. परंतु चेरीतील साखर पिंपातील सूक्ष्मजीव खाऊन टाकतात आणि मागे उरतो तो फळाचा रंग, त्याचे आम्ल, सालीचा तुरटपणा आणि बियांचा गंध. ही बिअर पसंत पडणे न पडणे बरेचसे या एका गोष्टीवर अवलंबून असते, आणि माझ्या मते तिचे मोठेपणही यातच आहे.

कान्तियोंची स्थापना १९०० साली झाली. आजही ती त्याच कुटुंबाच्या हातात असून आन्डरलेख्ट भागातील तिच्या जुन्या इमारतीत १९७८ पासून संग्रहालयही चालते. मिदी रेल्वे स्थानकापासून तिथे पायी जाता येते. तिकीट काढून आत शिरल्यावर आधी इमारत पाहायची आणि मग चवीच्या दालनात बसायचे, असा क्रम असतो. हा क्रम टाळू नये, कारण पेल्यातील चवीचे बहुतेक खुलासे वरच्या मजल्यांवरच होतात.

कान्तियोंची जवळपास प्रत्येक बिअर लॅम्बिकपासून, म्हणजे हवेतील रानटी यीस्टने आपोआप आंबणाऱ्या बिअरपासून, बनते. सुमारे ६५ टक्के जवाचे मॉल्ट (मोड आणून वाळवलेले जव) आणि ३५ टक्के कच्चा गहू यांचा अर्क हॉप्स या वेलीच्या कडवट फुलांसह कित्येक तास उकळतात. हे हॉप्स मुद्दाम दोन-तीन वर्षे जुने केलेले असतात. त्यामुळे त्यांचा कडूपणा आणि वास ओसरतो, पण नको ते जिवाणू रोखण्याचा त्यांचा गुण टिकून राहतो. उकळलेला अर्क छपराखालच्या मजल्यावरील तांब्याच्या रुंद, उथळ हौदात ओततात. हा हौद सुमारे साडेसात हजार लिटरचा आहे. रात्रभर थंड हवा त्या अर्कावरून वाहते, आणि बाहेरून यीस्टचा एक कणही न घालता त्या हवेतील आणि वास्तूतील रानटी यीस्ट व जिवाणू त्यात उतरतात. अर्क रात्रीतून साधारण वीस अंशांपर्यंत निवावा लागतो, म्हणून हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत चालते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रसेल्सच्या रात्री इतक्या उबदार राहिल्या की कान्तियोंला काम थांबवावे लागले होते. ज्या व्यवसायात थंडी हाच कच्चा माल आहे, त्याच्यासाठी हवामानबदल ही दूरची बातमी राहत नाही.

सकाळी हा अर्क लाकडी पिंपांत भरला जातो. यातील बरीच पिंपे पूर्वी वाइनसाठी वापरलेली असतात. पिंपात एकामागून एक वेगवेगळे सूक्ष्मजीव कामाला लागतात: आधी साधे यीस्ट साखरेचे मद्य करते, पुढे पेडिओकॉकससारखे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि अखेरीस ब्रेटॅनोमायसिस हे सावकाश चालणारे यीस्ट उरलीसुरली साखर संपवत जुन्या लाकडाचा, ओल्या गवताचा आणि तबेल्याचा म्हणून ओळखला जाणारा वास मागे ठेवते. पिंपांच्या रांगांमधून चालताना कोपऱ्याकोपऱ्यात कोळ्यांची जाळी दिसतात आणि ती कोणी काढत नाही. उन्हाळ्यात फळे आली की चिलटे येतात आणि त्यांचा बंदोबस्त कोळी करतात. औषध फवारले तर ज्या सूक्ष्मजीवांवर सारे काही उभे आहे तेच धोक्यात येतील. स्वच्छतेच्या आपल्या नेहमीच्या कल्पनेला हे पटणे थोडे जड जाते, परंतु त्यामागचा विचार पक्का आहे.

क्रीकसाठी साधारण दीड-दोन वर्षे मुरलेली लॅम्बिक घेतात आणि लिटरमागे सुमारे दोनशे ग्रॅम अख्ख्या आंबट चेरी, बियांसकट, पिंपात टाकतात. फळाची साखर मिळताच शांत झालेली लॅम्बिक पुन्हा उसळते. काही महिन्यांनी पिंपात चेरीच्या साली आणि बिया तेवढ्या उरतात. बाटलीत भरताना त्यात थोडी कोवळी लॅम्बिक मिसळतात. तिच्यात शिल्लक असलेल्या साखरेमुळे बाटली बुचाखाली पुन्हा आंबते आणि फेस धरते. पूर्वी या बिअरसाठी ब्रसेल्सच्याच स्खार्बेक भागातल्या लहान, गडद चेरी वापरत. शहर वाढत गेले तशा तिथल्या बागा नाहीशा झाल्या, आणि आता बहुतेक चेरी दुसऱ्या जातींच्या असतात. स्खार्बेकला आजही गाढवांचे गाव म्हणतात, कारण तिथला माल गाढवांवर लादून ब्रसेल्सच्या बाजारात येत असे. त्या चेरीच्या झाडांचे जाणे मला त्या शहराचे खरे नुकसान वाटते.

आता प्रत्यक्ष चवीकडे वळतो. बाटलीला बूच असते आणि त्यावर पत्र्याचे झाकणही असते. बूच निघताना आवाज फार मोठा होत नाही. ओतल्यावर येणारा फेस फिकट गुलाबी असतो आणि तो लवकर बसून पेल्याच्या कडेला बारीक रेघ उरते. रंग गडद माणकासारखा असून पेला उजेडासमोर धरला की काठाजवळ तो किंचित विटकरी दिसतो. नाकाला पहिल्यांदा चेरी येते, पण ती मुरांब्यातली शिजलेली चेरी नसते. ताज्या फळाची साल नखाने सोलावी तसा तो वास असतो. त्याच्या मागे जुने लाकूड, ओले गवत आणि तळघरातील दमट दगड. पेला थोडा वेळ तसाच ठेवला तर कडू बदामाचा एक स्पष्ट वास वर येतो. तो चेरीच्या बियांतून उतरलेल्या बेन्झाल्डिहाइडचा असतो, आणि चेरी अख्ख्या का घालायच्या याचे उत्तर त्या एका वासात मिळते.

पहिला घोट जिभेच्या कडांना लागतो. आंबटपणा तीव्र आहे. सवय नसेल तर दात आंबतील इतका. मात्र तो व्हिनेगरसारखा घशाला ओरबाडत नाही. ज्यांची जीभ कोकमाच्या आगळावर वाढली आहे, त्यांना हा आंबटपणा अनोळखी वाटू नये, कारण त्यातही असाच गडद आणि किंचित तुरट भाव असतो. आंबटपणाची पहिली लाट ओसरली की चेरी येते, तीही गोडपणाचा आधार न घेता. गोडी नसताना फळ ओळखता येणे हा अनुभव सुरुवातीला गोंधळात टाकतो, कारण आपण फळ आणि गोडी यांची गाठ लहानपणापासून पक्की बांधलेली असते. पुढे सालीचा आणि लाकडाचा तुरटपणा तोंड कोरडे करतो, आणि घोट संपल्यावर बराच वेळ बियांची ती बदामी चव रेंगाळत राहते. मद्याचे प्रमाण पाच-साडेपाच टक्क्यांच्या आसपास असल्याने शरीराला जडपणा येत नाही. हॉप्सचा कडूपणा शोधूनही सापडत नाही.

ही बिअर बर्फासारखी गार प्यायली तर तिचे निम्मे गुण झाकले जातात आणि आंबटपणा तेवढा धारदार होऊन उरतो. ब्रसेल्समधल्याच एका उपाहारगृहात ती मला थेट शीतकपाटातून काढून, गारठवलेल्या पेल्यात मिळाली, आणि पेला हातात धरून उबदार होईपर्यंत तिच्यात आंबट पाण्यापलीकडे काही जाणवले नाही. बारा अंशांच्या आसपासचे तळघराचे तापमान तिला मानवते. बाटली आडवी ठेवलेली असेल तर ती न हलवता तिरकी धरूनच सावकाश ओतावी, म्हणजे तळाचा साका पेल्यात उतरत नाही. साक्याने अपाय काही होत नाही, पण चव मातकट होते.

सोबत खायला ब्रसेल्सची जुनी रीत उत्तम आहे: पावाचा जाड तुकडा, त्यावर मऊ ताजे पांढरे चीज आणि मुळ्याच्या लाल गड्ड्यांचे काप. चीजमधील स्निग्धता आंबटपणाला पोटात घेते आणि मुळ्याचा तिखटपणा चेरीला उठाव देतो. तिखट मसाल्याच्या जेवणाबरोबर मात्र ही बिअर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मिरचीचा दाह आणि हे आम्ल एकमेकांना इतके वाढवतात की दोन्हींची चव जाते. रिकाम्या पोटीही ती सोसत नाही.

कान्तियोंच्या इतर फळबिअरही चवीच्या दालनात मिळू शकतात. रासबेरीची रोझे द गाम्ब्रिनुस सुगंधात क्रीकपेक्षा सरस आहे. पेला नाकाजवळ नेताच रासबेरी भरून येते. पण अंगाने ती हलकी असल्याने आंबटपणा अधिक उघडा पडतो आणि घोटाचा शेवट लवकर होतो. जर्दाळूची फूफून अतिशय मोहक आहे, परंतु तिचा फळगंध नाजूक आहे आणि तो फार दिवस टिकत नाही. या तिघींत मी क्रीकलाच वरचे स्थान देतो, कारण चेरीच्या साली आणि बिया तिला जो कणा देतात तो दुसऱ्या दोघींना नाही.

पुण्या-मुंबईच्या ब्रुअरींमध्येही अलीकडे फळांच्या आंबट बिअर मिळतात. तशा बिअर जगभर बहुधा झटपट पद्धतीने होतात, म्हणजे अर्क भांड्यातच जिवाणू घालून एक-दोन दिवसांत आंबवतात आणि नंतर त्यात फळाचा गर मिसळतात. त्यातही चांगल्या बिअर होतात आणि त्या ताज्यातवान्या लागतात, पण त्यांचा आंबटपणा एकेरी असतो. पिंपातील दोन-तीन वर्षांत आंबटपणाला जे थर चढतात, त्यांची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये. उलट, झटपट आंबट बिअर आवडली म्हणून क्रीकही आवडेलच असे समजून मोठी बाटली घेण्याची घाई नको. पाऊण लिटरच्या बाटलीबरोबर तिची निम्म्या आकाराची बाटलीही येते, आणि पहिल्या ओळखीला तीच योग्य.

खरेदी करताना दोन गोष्टी पाहाव्यात. इतर उत्पादकांच्या बाटलीवर नुसते ‘क्रीक’ लिहिलेले असेल तर ती बहुधा गोड केलेली असते. पारंपरिक, साखर न घातलेली हवी असेल तर ‘आऊडे क्रीक’ हे शब्द शोधावेत, कारण १९९७ पासून युरोपीय संघाच्या नियमांनी त्या नावाला संरक्षण आहे. कान्तियों आपल्या बाटलीवर ‘१०० टक्के लॅम्बिक’ असे लिहिते. दुसरी गोष्ट म्हणजे बाटली भरल्याची तारीख. लॅम्बिक जितकी जुनी तितकी चांगली, असा समज या बिअरच्या चाहत्यांत पसरला आहे आणि त्यापायी पुनर्विक्रीच्या बाजारात जुन्या बाटल्यांना अवाच्या सवा किंमत येते. ग्यूझच्या, म्हणजे फळ न घालता कोवळी आणि जुनी लॅम्बिक मिसळून केलेल्या बिअरच्या, बाबतीत या समजाला आधार आहे. ती बाटलीत वर्षानुवर्षे फुलत जाते. क्रीकचे तसे नाही. दोन-तीन वर्षांत तिचा लाल रंग विटत जातो, चेरी मागे सरकते आणि लाकूड व आम्ल तेवढे पुढे येते. ज्या चेरीसाठी पैसे मोजले ती पेल्यात यावी असे वाटत असेल, तर बाटली भरल्यापासून वर्षभराच्या आत उघडावी आणि जुन्या बाटलीसाठी जादा दाम देऊ नये.