उथळ जलाशयातील वाट: उन्हाळ्यातील उपग्रहचित्र की फिश फाइंडर?

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणाऱ्या आमच्या भागातील होड्यांना आता हळूहळू आऊटबोर्ड इंजिने बसू लागली आहेत आणि त्याबरोबर वाट आखण्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. बांबूने रेटत नेलेला डोंगा खुंटावर चढला तरी मागे ढकलून मोकळा करता येत असे. इंजिनाचा पंखा मात्र खुंटाला लागला की निदान शिअर पिन, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी पंख्यात बसवलेली मुद्दाम कमजोर खीळ, तरी तुटते, आणि वाऱ्याच्या दिवशी भर पाण्यात पिन बदलत बसणे हे काही सोपे काम नाही. त्यामुळे आमच्या मच्छीमार संस्थेच्या बैठकीत ‘मशीन घ्यायची का’ हा विषय निघतोच. मशीन म्हणजे फिश फाइंडर, पाण्यात ध्वनी सोडून होडीखालची खोली पडद्यावर दाखवणारे यंत्र. दुसरा पर्याय जवळजवळ फुकटचा आहे, पण त्यासाठी कोणीतरी संगणकासमोर बसावे लागते: उन्हाळ्यात पाणी उतरलेले असतानाची उपग्रहचित्रे घेऊन त्यांवर मार्ग आखायचा आणि तो मोबाइलवर सोबत न्यायचा. मी दोन्ही वापरून पाहिले आहे आणि माझे मत एका बाजूला झुकलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

आपल्या पाण्यातील धोका नेमका कधी असतो, हे निवड करण्यापूर्वी लक्षात घ्यायला हवे. धरण समुद्रसपाटीपासून 245.50 मीटरच्या पूर्ण पातळीला असते तेव्हा बुडालेल्या वस्त्यांचे चौथरे, धानाच्या बांध्यांच्या पाळी, जुन्या रस्त्यांचे भराव आणि बाभळी-पळसांचे खुंट यांपैकी बहुतेकांवर पुरेसे पाणी असते. मे महिन्यात यांतील पुष्कळसे उघडे पडते आणि डोळ्यांना दिसते. वाईट काळ मधला असतो. पातळी उतरत जाते आणि काल ज्या पाळीवरून होडी सहज गेली तीच आज पृष्ठभागाखाली वीतभर अंतरावर येऊन थांबते. दिसत नाही, पण लागते.

प्रवाळाच्या समुद्रात, उदाहरणार्थ लक्षद्वीपच्या खाजणांमध्ये, नाविकाला निदान डोळ्यांचा आधार असतो. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी ठेवून उंच जागेवरून पाहिले की गडद निळे म्हणजे खोल, फिकट हिरवट-निळे म्हणजे वाळूवरचे उथळ आणि तपकिरी म्हणजे प्रवाळाचा माथा, एवढे वाचता येते. चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा असला तर आणखी चांगले. आपल्याकडे ही विद्या चालत नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तेथून वैनगंगेत येते, आणि फुगवट्याच्या हिरव्या गढूळ पाण्यात बुडवलेला हात कोपरापर्यंतसुद्धा नीट दिसत नाही. म्हणूनच यंत्र किंवा चित्र यांपैकी कशाचा तरी आधार घ्यावा लागतो.

फिश फाइंडरचे गुण खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याला पातळीचे गणित लागत नाही. या क्षणी होडीखाली किती पाणी आहे ते तो थेट सांगतो. ढग, गढूळपणा किंवा अंधार यांचे त्याला काही वाटत नाही. गोड्या पाण्यात सेकंदाला सुमारे 1,480 ते 1,500 मीटर वेगाने जाणारा ध्वनी तळावर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून खोली निघते, इतके साधे तत्त्व असल्यामुळे आकड्यावर विश्वासही ठेवता येतो. धरणाच्या भिंतीकडच्या खोल भागात काम असेल तर मी त्याच्याविरुद्ध फारसे बोलणार नाही.

अडचण उथळ पाण्यात येते, आणि आपली सगळी काळजी तर उथळ पाण्याचीच आहे. ध्वनीचा झोत शंकूच्या आकारात खाली जातो. साधारण 20 अंशांचा झोत धरला तर तीन मीटर पाण्यात तळाचे जेमतेम एक मीटर रुंदीचे वर्तुळ दिसते आणि दोन मीटर पाण्यात ते सत्तर सेंटिमीटरवर येते. म्हणजे पाणी जितके कमी तितकी यंत्राची नजर अरुंद. शिवाय पडद्यावर उजव्या कडेला जे उमटते तेवढेच आत्ताचे असते. डावीकडे सरकत जाणारे बाकी सगळे चित्र होडीने मागे टाकलेल्या पाण्याचे असते. समोर काय आहे ते साधे फिश फाइंडर सांगत नाही. अंधारात कंदील स्वतःच्या पायाशी धरून चालावे, तसा हा प्रकार आहे. बाजूला किंवा पुढे पाहणारी यंत्रेही मिळतात, पण त्यांची किंमत ऐकल्यावर आमच्या बैठकीत तो विषय लगेच संपला.

हे सगळे मी सहन केले असते. माझा निर्णय झाला तो उथळ पाण्याच्या भोंग्यामुळे. यंत्रावर एक मर्यादा लावून ठेवता येते, समजा दीड मीटर, आणि पाणी त्याहून कमी झाले की ते वाजू लागते. कागदावर ही सोय उत्तम आहे. प्रत्यक्षात आपल्या फुगवट्याच्या कडेने तळापासून वर आलेले पाणगवत इतके दाट असते की यंत्र गवताच्या शेंड्यांनाच तळ समजते. लाटेच्या खळबळीत ट्रान्सड्यूसरखाली, म्हणजे ध्वनी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या भागाखाली, बुडबुडे आले की वाजते, आणि मधूनच खाली काहीही नसताना वाजते. लाकडी होडीला ट्रान्सड्यूसर पक्का बसवायला सपाट जागा नसल्यामुळे आम्ही तो बाजूला फळीवर बांधला होता. त्या फळीला गवताची वेटोळी अडकत, मग खोलीचा आकडा गोठल्यासारखा एकाच जागी थांबे आणि भोंगा चालूच राही. इंजिन बंद करायचे, फळी वर उचलायची, बोटांनी गवत सोडवायचे आणि पुन्हा निघायचे, असा क्रम चाले. सोबतचे म्हातारे ढिवर नावाडी एकदा शांतपणे म्हणाले, “भाऊ, मशीन बोंबलते, पन सांगत काहीच नाही.” मर्यादा खाली आणली तर सूचना फार उशिरा मिळते, वर नेली तर ती सतत मिळते. शेवटी होतो तो एकच उपाय: भोंगा बंद करून ठेवणे. आणि भोंगा बंद केलेले यंत्र वाट दाखवण्याच्या कामाचे उरत नाही, कारण सुकाणू हातात असलेला माणूस पडद्याकडे डोळे लावून बसू शकत नाही. सगळ्याच यंत्रांचा अनुभव असा असेल असे मी म्हणत नाही. गवत नसलेल्या खडकाळ जलाशयावर कदाचित वेगळे चित्र दिसेल.

आता उपग्रहचित्राकडे येतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पहिला उपग्रह 2015 मध्ये आणि दुसरा 2017 मध्ये गेला, आणि तेव्हापासून साधारण दर पाच दिवसांनी आपल्या भागाचे चित्र मिळत आले आहे. साध्या रंगांतील चित्रापेक्षा जवळच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) पट्ट्यातील चित्र या कामाला अधिक सोयीचे पडते, कारण त्या प्रकाशात पाणी जवळजवळ काळे दिसते आणि उघडी जमीन उजळ, त्यामुळे काठाची रेषा स्पष्ट निघते. मार्च ते मे या काळातील ढग नसलेली काही चित्रे पातळीच्या उतरत्या क्रमाने लावली की कोणते उंचवटे आधी वर येतात आणि कोणते नंतर, हे समजू लागते. मला हा सगळ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. पाणी आपला नकाशा स्वतःच काढून देत असते. आपण फक्त तारखा आणि पातळ्या जुळवायच्या.

गणित अवघड नाही. समजा चित्राच्या दिवशी धरणाची पातळी 243.0 मीटर होती आणि त्या चित्रात एका पाळीची कड नेमकी पाण्याच्या रेषेवर दिसते. आज पातळी 244.8 असेल तर त्या कडेवर 1.8 मीटर पाणी आहे. समुद्राच्या नकाशातही एक आधारपातळी ठरवून खोली तिच्याखाली दिलेली असते आणि नाविक त्या दिवसाची भरती तिच्यात मिळवतो. आपल्याकडे भरती-ओहोटीऐवजी धरणाची रोजची पातळी आहे, एवढाच फरक. मात्र ही पातळी धरणापाशी मोजलेली असते. पुराच्या दिवसांत आंभोऱ्याकडे, जेथे कन्हान वैनगंगेला मिळते, पाण्याला उतार असतो आणि धरणावरचा आकडा तेथे जसाच्या तसा लागू होत नाही. मी तरी संथ पाण्याच्या महिन्यांतच या हिशेबावर विसंबतो, आणि तेव्हाही होडीच्या बुडापेक्षा अर्धा-पाऊण मीटर पाणी जास्त धरतो.

या पद्धतीचे दोष लपवण्यासारखे नाहीत. सेंटिनेलच्या चित्रातील एक ठिपका दहा मीटर लांब-रुंद जमिनीचा असतो. त्यात बेट दिसते, भराव दिसतो, मोठी पाळ दिसते, परंतु एकटा खुंट दिसत नाही. दुसरा दोष जलपर्णीचा. अवरक्त चित्रात तरंगणारी जलपर्णी हिरव्या शेताइतकीच उजळ दिसते आणि नवख्याला ते बेट वाटते. त्यावर सोपा उपाय म्हणजे दोन वेगळ्या तारखांची चित्रे शेजारी ठेवणे: जलपर्णी वाऱ्याबरोबर सरकलेली असते, बेट तेथेच असते. तिसरा दोष असा की उन्हाळ्यातही पाणी फारसे उतरले नाही तर त्या वर्षीचे चित्र फारसे काही सांगत नाही. अशा वेळी मागच्या वर्षांत जाऊन सर्वांत कमी पातळीचे चित्र शोधावे लागते. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची 1990 च्या दशकातील चित्रे तर धरणात पाणी साठण्याच्या आधीची आहेत. तीस मीटरच्या ठिपक्यात बारकावे नसले तरी जुने नदीपात्र कोठून वळत होते ते त्यांत कळते, आणि जुन्या पात्रावरून जाणारी वाट सहसा सर्वांत खोल असते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे जुने नकाशेही गावे आणि रस्ते ओळखायला उपयोगी पडतात. त्यांतील समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने असल्याने खोलीसाठी मात्र त्यांचा उपयोग नाही.

एकट्या खुंटांसाठी पायपिटीला पर्याय नाही. मेमध्ये पाणी उतरल्यावर आखलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी जेवढे चालता येईल तेवढे चालायचे आणि प्रत्येक खुंटाशी उभे राहून मोबाइलवर खूण करायची. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असतो. म्हणून मी खुणेपासून निदान पंचवीस-तीस मीटर बाजूने वाट नेतो आणि तेवढी रुंदी मिळत नसेल तर लांबचा वळसा पत्करतो. हे सगळे संगणकावरच्या क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रणालीत जुळवून क्यूफील्ड या तिच्या मोबाइल ॲपमध्ये उतरवले की नेटवर्क नसलेल्या पाण्यातही चालते. चित्र जागेवर बरोबर बसले आहे की नाही हे एकदा तपासून घ्यावे. आंभोऱ्याच्या पुलाच्या खांबाजवळ होडी उभी करून मोबाइलवरचा ठिपका चित्रातील खांबावर पडतो का, एवढे पाहिले तरी पुरते. प्रशांत महासागरातील दूरच्या प्रवाळबेटांचे काही नकाशे एकोणिसाव्या शतकातील मोजणीवर आधारलेले असल्याने जीपीएसशी जुळत नाहीत आणि तेथील नाविकही उपग्रहचित्राशी असाच ताळा करून पाहतात.

मोबाइलचा पडदा दुपारच्या उन्हात नीट दिसत नाही, तो तापला की स्वतःहून मंद होतो आणि ओल्या बोटांना दाद देत नाही, ही तक्रार खरी आहे. तरीही या पद्धतीत पडद्याकडे सतत पाहावे लागत नाही, कारण धोका कोठे आहे हे निघण्यापूर्वीच ठाऊक असते. वळणाच्या जागा काठावरच्या एखाद्या झाडाच्या किंवा देवळाच्या रेषेत धरून पाठ होतात आणि काही दिवसांनी मोबाइल खिशातच राहतो. माझ्या दृष्टीने तराजू झुकतो तो येथे. फिश फाइंडर प्रत्येक फेरीला पुन्हा पहिल्यापासून विचारायला लावते. चित्रावर घेतलेली मेहनत एकदाच घ्यावी लागते आणि नंतर ती सगळ्या होड्यांना वाटता येते.

अर्थात रात्री जाळी टाकणाऱ्यांनी, ज्यांच्याकडे संगणकावर काम करणारे कोणी नाही त्यांनी, किंवा ज्यांचा जलाशय वर्षभर भरलेलाच असतो त्यांनी माझे मत जसेच्या तसे घेऊ नये. त्यांना यंत्रच बरे पडण्याची शक्यता आहे. दोन्ही घेणे परवडत असेल तर यंत्राचा खरा उपयोग मला वेगळा दिसतो. ते वाट चालताना नव्हे, तर वाट ठरवताना वापरावे. आखलेल्या रेषेवरून इंजिन अगदी मंद ठेवून, गवत कमी असेल अशा सकाळी एकदा होडी न्यावी, ठरावीक अंतरावर खोली टिपावी आणि त्या दिवसाच्या पातळीसह चित्रावर लिहून ठेवावी. चित्रात काठाच्या रेषेआड राहिलेले, उन्हाळ्यातही न उघडणारे उंचवटे अशा वेळी सापडतात.

पैसे एकाच गोष्टीला असतील तर संस्थेने ते यंत्राऐवजी एखाद्या तरुण सभासदाला क्यूजीआयएस शिकवण्यावर आणि जादा शिअर पिनांवर घालावेत, असे मी सुचवीन. काम मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उरकावे. जूनमध्ये ढग आले की चित्रे मिळत नाहीत, आणि पावसाळ्यात कन्हानच्या मुखाशी वाळू इकडची तिकडे होत असल्यामुळे तेवढ्या भागाची खूण पुढच्या उन्हाळ्यात नव्याने करावीच लागते.