मुक्त विद्यापीठ, गंगापूर धरण रोड: नोकरी करून शिकणाऱ्यांनी एकदा बघाच

नाशिकबाहेरच्यांना आपली द्राक्षं आणि कुंभमेळा माहिती असतो पण यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय पण इथंच आहे हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच नसतं. १९८९ ला सुरू झालं, पहिले कुलगुरू राम ताकवले, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. कॅम्पस गोवर्धनला, गावापासून लांब, पावसाळ्यात मात्र तिकडं जायला मजा येते.

मुळात हे विद्यापीठ ज्यांचं कॉलेज अर्धवट सुटलं त्यांच्यासाठी आहे. बारावी न झालेल्यांना पण पूर्वतयारीचा कोर्स करून डिग्रीकडं जाता यायचं, त्यामुळं कितीतरी कंपनी कामगार, पोलीस, लग्न लवकर झालेल्या बायका इथून बीए, बीकॉम झाल्या. शेतीचे कोर्स तर मला सगळ्यात भारी वाटतात, सोबत कृषी विज्ञान केंद्र पण आहे म्हणजे नुसतं पुस्तकी नाही. आणि कुसुमाग्रजांच्या नावाचं अध्यासनही आहे, नाशकात ते नसतं तर नवलच!

पुस्तकं मराठीत, स्वतः वाचून समजतील अशी लिहिलेली. पण रोज कोणी वर्ग घेत नाही हो, अभ्यासकेंद्रावर अधूनमधून तासिका, बाकी सगळं आपल्यावर, आळशी माणसानं फी भरू नये असं माझं स्पष्ट मत. ॲडमिशनआधी तुमचा कोर्स यंदा चालू आहे का आणि तुमच्या केंद्रावर मिळतो का ते वेबसाइटवर बघून घ्या, झेरॉक्सवाल्याचं ऐकून फॉर्म भरू नका.