सहा महिन्यांच्या स्पीच थेरपीचा अनुभव (४ स्टार)

आमचं पोरगं नववीत, वय १५, लहानपणापासनं अडखळत बोलतंय. सासूबाईंनी मधात वेखंड उगाळून जिभेला लावून झालं, कोण म्हणालं तोंडात गोट्या धरून वाचायला लाव, आणि आम्ही दोघं आपलं "अरे दम घे, हळू बोल" करत राहिलो. इथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी ते "हळू बोल" बंद करायला सांगितलं. रागच आला मला, म्हटलं फी पण आम्ही भरायची आणि बोलणी पण आम्हीच खायची का.

पण नंतर पटलं. घाबरल्यामुळं अडखळणं सुरू होत नाही, मेंदूत बोलण्याची जी जुळणी होते त्यातच थोडा फरक असतो, आणि बऱ्याचदा घराण्यात असतं (ह्यांचे चुलते तसंच बोलायचे, ते तेव्हा आठवलं!). लहानपणी १०० तली साधारण ५ पोरं अडखळतात, बहुतेकांचं आपोआप जातं, पण या वयापर्यंत राहिलं तर पूर्ण जाईलच अशी गॅरंटी नाही आणि त्यावर खात्रीची गोळी पण नाही, असं सरळ सांगितलं. "३० दिवसांत बंद" वाल्या एका जाहिरातीत आमचे बरेच पैसे गेलेत, त्यामुळं हे आवडलं.

खरा प्रकार तर पुढंच कळला. पोरगं गप्प स्वभावाचं असं आम्ही धरून चाललो होतो, आणि ते शब्द चुकवत होतं! केएमटीत (कोल्हापूरची सिटी बस) "बिंदू चौक" म्हणताना "ब" वर अडकतंय म्हणून पुढच्या स्टॉपचं तिकीट काढायचं आणि मागं चालत यायचं, दोन वर्षं. मॅडमनी "ब" म्हणताना ओठ गच्च न दाबता हलकी सुरुवात करायला शिकवलं, अडकलं तर जोर लावायचा नाही, तिथंच सैल सोडून पुढं जायचं, आणि मग एक दिवस चक्क मुद्दाम अडखळत तिकीट मागायला लावलं. कंडक्टर थांबला, तिकीट दिलं, पुढं गेला. बास. त्या रात्री जेवताना पोरगं एवढं बोलत होतं की ह्यांनी टीव्ही बंद केला.

अडखळतंय अजून, पण आता मिसळीच्या गाडीवर एक्स्ट्रा कट स्वतः मागतंय.

एक स्टार कापला कारण ५ ची वेळ देऊन ६ ला आत घेतात, आणि शाळेत तोंडी परीक्षेला जादा वेळ मिळावा म्हणून पत्र देतो म्हणाले ते दोन महिने झाले अजून नाही. शनिवारी लई गर्दी असते, मंगळवारी जावा.