इगतपुरीचे दहा दिवस की देवळातला हरिपाठ?

'मन थाऱ्यावर नाही, विपश्यनेला जाऊ की हरिपाठाला लागू?' असं मला ओळखीतले बरेच जण विचारतात. दोन्ही केलंय, म्हणून लिहितो.

विपश्यनेचं शिबिर दहा दिवसांचं असलं तरी रजा बारा दिवसांची काढा. आदल्या दिवशीच पोचायचं असतं आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी. सत्यनारायण गोएंका ही साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये त्यांनी ती भारतात आणली. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १९७६ पासून शिबिरं होतात. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहाएक तास बैठक. मोबाइल, पुस्तक, वही, बोलणं, खाणाखुणासुद्धा बंद. संध्याकाळी जेवण नाही. नव्या साधकांना पाचला चहा आणि फळं.

पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहणं, शिकवली जाते आणि तेव्हापासून रोज तीनदा तासभर अधिष्ठान, म्हणजे हात, पाय, डोळे न हलवता बसणं. पाचव्या दिवशी माझा उजवा गुडघा असा पेटला की डोळ्यांत पाणी आलं. शिकवण एवढीच, की कळ हाकलू नका, बघा. बघत राहिलो. केव्हातरी ती ठसठस झाली, मग मुंग्या आल्यासारखं झालं, मग विरली. 'अनित्य' हा शब्द शाळेपासून ऐकत होतो, तो त्या दिवशी गुडघ्यात कळला. आता भावाशी जमिनीच्या वाटणीवरून बोलताना आवाज चढायच्या आधी छातीत काय होतंय ते लक्षात येतं. माझ्या लेखी शिबिराची खरी कमाई हीच.

हरिपाठाची चाल अगदी वेगळी. इथे आत बघा असं कुणी सांगत नाही. संध्याकाळी देवळात दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, पखवाजावर थाप पडते आणि ज्ञानेश्वर महाराजांचे अभंग पावलीवर सुरू होतात. शेवटी सत्तरीचे गृहस्थ वाकून आठवीतल्या पोराच्या पाया पडतात, पोरगं त्यांच्या पाया पडतं. दोघंही एकमेकांना माउलीच म्हणतात. आई गेली त्या वर्षी मला मौन झेपलं नसतं. मला या रांगेने धरून ठेवलं.

म्हणून माझं मत असं: राग, चिडचिड, रात्रभर चालणारं डोकं, असा त्रास असेल तर इगतपुरी. माणूस गेलंय, घर खायला उठतंय, असं असेल तर हरिपाठ. विपश्यनेत देव नाही, प्रार्थना नाही. वारकऱ्याला समोर विठोबा लागतो. देवावर विश्वास नसेल तर शिबिर सोपं जाईल. मानसोपचार चालू असतील तर अर्जात खरं लिहा, डॉक्टरांना विचारा आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

खर्चाचं म्हणाल, तर शिबिर विनामूल्य. दान द्यायचं ते शिबिर पूर्ण झाल्यावर. हरिपाठाला काहीच लागत नाही. वारकऱ्यांची तुळशीची माळ घालायची मात्र घाई नको. मांस-मद्य सोडणं, एकादशी, वारी हे सगळं तिच्याबरोबर येतं. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळपास तीन आठवडे चालणं.

दोन्ही एकदम जमेल का? शिबिराच्या दहा दिवसांत जप, पूजा सगळं थांबवावं लागतं. माळकऱ्याने याचा विचार अर्ज भरण्याआधीच करावा. शिवाय घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात, तिथे बरेच जण सुटतात. माझाही सकाळचाच तास टिकलाय.

ठरत नसेल तर शिबिराचा अर्ज भरून ठेवा, हवी ती तारीख लगेच मिळेलच असं नाही. तोवर जवळच्या विठ्ठल मंदिरात पंधरा दिवस रांगेच्या टोकाला उभे राहा. टाळ कुणीतरी हातात देईलच.