जीन मागवला तर आधी माझीच चौकशी! चार स्टार, पाचवा का कापला ते खाली

कंपनीचं नाव टाकत नाहीये, कारण अर्धी तक्रार आहे आणि उरलेलं अर्धं त्याच तक्रारीचं कौतुक आहे. सर्व्हिस म्हणजे जीन सिंथेसिस, मागणीनुसार जीन म्हणजे जनुक बनवून देणं. आपण कम्प्युटरवर ए, टी, जी, सी अशी अक्षरं लिहून पाठवायची, ते लोक तसा डीएनए बनवतात आणि दोन-तीन आठवड्यांत कुरिअरने छोटीशी ट्यूब येते, तळाशी दिसेल न दिसेल अशी पांढरी पावडर. पूर्वी एक जीन क्लोन करण्यात पीएचडीवाल्या पोराचं अख्खं सहामाही अहवालाचं पान जायचं, आता कार्टमध्ये टाका, जीएसटी भरा, झालं.

आमचं काम एरंडावर. (हो, एरंडाचं गुऱ्हाळ वगैरे सगळे जोक ऐकून झालेत, लॅबमध्ये रोज कोणीतरी मारतंच.) जगात सगळ्यात जास्त एरंडी आपल्याकडे पिकते, त्यातही गुजरातेत, आणि तेल काढून झालं की ढीगभर पेंड उरते. ती खत म्हणून शेतात जाते पण जनावराला घालता येत नाही, कारण तिच्यात रायसिन नावाचं विष असतं. आजी नाक दाबून एरंडेल पाजायची तरी आपण वाचलो, कारण ते तेलात उतरत नाही. आता पेंडीतलं विष मारायचे प्रयत्न बरेच जण करतात, पण खरंच मेलंय का हे गोठ्यापाशी उभं राहून बघता यावं अशी स्वस्त पट्टी, प्रेग्नन्सी टेस्टसारखी, आम्हाला बनवायची आहे. त्यासाठी रायसिनचा तो अर्धा भाग हवा होता जो एकटा असताना विषारी नसतो, साधारण ८०० बेसचा, म्हणजे ८०० अक्षरांचा.

ऑर्डर टाकली शुक्रवारी संध्याकाळी. लॅबचा मेल सर्व्हर झोपलेला, म्हणून अकाउंट उघडलं जीमेलवर. शनिवारी लॅबला पार्सल घ्यायला कोणी नसतं म्हणून पत्ता दिला घरचा. आणि 'वापर कशासाठी' या रकान्यात लिहिलं, 'रिसर्च'. म्हणजे बघा, जीमेल, कोथरूडचा फ्लॅट, रायसिन, आणि कारण विचारलं तर एक शब्द. मी त्यांच्या जागी असतो तर सरळ पोलिसांना फोन लावला असता.

सोमवारी मेल आला, ऑर्डर होल्डवर, कंप्लायन्स रिव्ह्यू, म्हणजे नियमांत बसतंय का याची तपासणी. बास, एवढंच. नक्की काय चुकलं, कोणाशी बोलायचं, किती दिवस, काही नाही, खाली कस्टमर केअरचा नंबर आणि तो उचलणाऱ्याला रायसिन म्हणजे औषध वाटत होतं. मग कागद मागितले, लेटरहेडवर एंड यूजर डिक्लरेशन (माल कोण आणि कशासाठी वापरणार ते लेखी), आमच्या बायोसेफ्टी कमिटीचं मंजुरीपत्र, प्रोजेक्टची एक पान माहिती आणि प्रमुखांची सही. दिले. शिक्का पुसट आहे म्हणून परत. परत दिले. फाइल पीडीएफमध्ये नाही म्हणून परत. १९ दिवस गेले यात आणि तोपर्यंत मी ग्रुपवर त्यांना मनसोक्त शिव्या घालून झालो होतो.

एक स्टार कापलाय तो यासाठी, नीट वाचा, विचारलं म्हणून नाही, वाईट विचारलं म्हणून.

कारण चिडून चिडून मी शोधायला बसलो की यांना एवढा अधिकार दिला कोणी, आणि तिथे माझी हवा गेली. रासायनिक अस्त्रबंदीचा जो करार आहे, १९९७ पासून लागू असलेला, त्याच्या पहिल्या यादीत सारिन, व्हीएक्स, मस्टर्ड या युद्धातल्या विषांच्या पंगतीला आपलं एरंडाचं रायसिन बसलंय. १९७८ साली लंडनमध्ये गिओर्गी मार्कोव्ह हा बल्गेरियन लेखक बससाठी थांबला होता, मांडीत काहीतरी टोचलं, मागे बघितलं तर एक माणूस खाली पडलेली छत्री उचलत होता, आणि चार दिवसांत मार्कोव्ह गेला. पायात टाचणीच्या डोक्याएवढी गोळी सापडली, आत रायसिनच असावं असा निष्कर्ष. आमच्या गोदामात पेंडीची पोती रचलेली असतात, वास असा की जेवणाचा डबा उघडवत नाही, आणि त्यातलीच ही चीज.

गंमत पुढे आहे. रायसिन हे जिवंत वनस्पतीतलं विष, त्यामुळे ते दोन्ही करारांत येतं, रासायनिकमध्येही आणि १९७२ च्या जैविक अस्त्रबंदी करारातही. भारत दोन्हीकडे आहे, आपल्याकडे रासायनिक करारासाठी २००० सालचा वेगळा कायदा आहे, आपण आपला साठा जाहीर करून २००९ पर्यंत नष्टही केला. पण दोन करारांत जमीन-अस्मानाचा फरक. रासायनिकवाल्यांची हेगला मोठी संस्था आहे, तिचे इन्स्पेक्टर कारखान्यात येऊन तपासतात, २०१३ चं शांततेचं नोबेल तिलाच मिळालं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेतला शेवटचा जाहीर साठाही संपला. जैविकवाल्यांकडे इन्स्पेक्टरच नाहीत! तपासणीची व्यवस्था आणायची जिनिव्हातली बोलणी २००१ ला फिसकटली ती फिसकटलीच. म्हणजे डीएनए मागवणारा माणूस कोण आहे हे दारात उभं राहून विचारणारा शेवटी कोण, तर कंपनीतला तो फॉर्म वाचणारा कर्मचारी, ज्याला मी ग्रुपवर शिव्या घालत होतो.

आणि तेही त्यांनी आपणहून घेतलेलं काम. २००६ मध्ये एका ब्रिटिश पेपरने देवीच्या विषाणूच्या डीएनएचा ७८ अक्षरांचा तुकडा लंडनमधल्या राहत्या घरी मागवून दाखवला होता, केवढा गोंधळ झाला. मग २००९ ला मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलं की सीक्वेन्सही, म्हणजे मागवलेल्या अक्षरांचा क्रम, तपासायचा आणि गिऱ्हाईकही. २०१० ला अमेरिकन सरकारने गाइडलाइन काढली, २०० बेसच्या वरचं तपासा, २०२३ ला ती सुधारली आणि मर्यादा पुढे ५० वर आणायला सांगितलं. पण गाइडलाइन म्हणजे गाइडलाइन, पाळली तर पाळली. तपासायला माणसं लागतात, पगार लागतो, दिवस जातात, आणि गिऱ्हाईक माझ्यासारखं बोंबलतं.

हे पटायला मला अजून एक धक्का लागला. होल्डवर असताना मी दुसरीकडे कोटेशन मागितलं होतं. तासाभरात उत्तर, भाव जवळजवळ निम्मा, आणि विचारलं काय, तर जीएसटी नंबर. बाकी काही नाही. आदल्या दिवशी मी असल्याच सर्व्हिससाठी तडफडत होतो, पण ते कोटेशन बघून पोटात गोळा आला. तिथे ऑर्डर दिली नाही.

एकोणिसाव्या दिवशी मात्र पहिल्या कंपनीतून एका मॅडमचा फोन आला, मराठीच निघाल्या, आणि दहा मिनिटांत सगळं मिटलं. पट्टी कशी चालणार, अर्धाच भाग का, पुरेसा का, हे त्यांना कळत होतं. शेवटी विचारलं, "सर, ट्यूब ज्या फ्रीजरमध्ये ठेवणार त्याची किल्ली कोणाकडे असते?" मी गप्प. कारण किल्ली श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असते, डबा खिडकीत, आणि हे झाडूवाल्या मावशींपासून इंटर्नपर्यंत सगळ्यांना माहितीये. खरं ते सांगून टाकलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "तेवढं करून घ्या, मग मी सोडते."

हा फोन दुसऱ्याच दिवशी आला असता तर पाच स्टार होते.

माल उत्तम, सीक्वेन्स एकही चूक नसलेला, सोबत रिपोर्ट, पॅकिंग चांगलं. मागवणाऱ्यांनी संस्थेच्याच मेलवरून मागवा, पत्ता लॅबचा द्या, कमिटीचं पत्र आधीच जोडा आणि कारणाच्या रकान्यात चार वाक्यं नीट लिहा, आठवडाभराचा वेळ वाचेल. आमच्याकडे किल्ली आता प्रमुखांच्या कपाटात असते, शेजारी रजिस्टर, आणि काल माझीच ट्यूब काढायला मला सही करून अर्धा तास ताटकळावं लागलं कारण सर मीटिंगला गेले होते.