'ब्रिज' सांगून रिपीटर गळ्यात मारले : लालबागचा अनुभव

आमची चाळ लालबागला. पुनर्विकासात जाणार म्हणून तिथे कुणी नवी फायबर ओढून देईना. मी पलीकडच्या गल्लीतल्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. चाळीत आई, दादा-वहिनी आणि बारावीतली पुतणी. मध्ये अंतर जेमतेम ९० मीटर. माझ्याकडचं नेट वायरलेसने चाळीत न्यायचं ठरवलं.

जूनमध्ये एका दुकानदाराने माणूस पाठवला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. "काका, ५ गिगाहर्ट्झचा ब्रिज बसवतो, १०० एमबीपीएस आरामात मिळेल." (ब्रिज म्हणजे दोन इमारतींना वायरशिवाय थेट जोडणारी उपकरणांची जोडी, आणि ५ गिगाहर्ट्झ ही वायफायची वारंवारता.) ₹९,५०० सांगितले. ६,००० यूपीआयने आगाऊ, बाकीचे रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लावला की १८ टक्के वाढतील." तिथेच त्याला दारातून परत पाठवायला हवं होतं.

माझ्या खिडकीच्या ग्रिलवर एक पांढरा डबा, चाळीच्या गॅलरीत दुसरा. स्पीड त्याने स्वतःच्याच फोनवर दाखवला. वायफाय चालू होतं की मोबाइल डेटा, हे मी पाहिलंच नाही. संध्याकाळी पुतणीचा क्लास सुरू झाला की चित्र अडकायचं. आमच्या फोनवर जेमतेम ४-५ एमबीपीएस. फोन केला की एकच उत्तर, "पाऊस आहे ना काका." हे धादांत खोटं. एवढ्याशा अंतरात ५ गिगाहर्ट्झवर पावसाचा परिणाम जवळपास नसतो. अडवतात ती मधल्या झाडाची ओली पानं किंवा कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी. दोन्ही टोकं एकमेकांना नुसती दिसून भागत नाही, मध्यावर त्या रेषेभोवती मीटरभर जागा मोकळी लागते. आमच्या मधोमध पिंपळ आहे. खरा जाणकार आधी गच्चीवर जाऊन ते बघतो. हा गच्चीवर गेलाच नाही.

गणपतीत भाचा आला आणि त्याने डबा उघडला. आत घरगुती रिपीटर, म्हणजे आलेला वायफाय सिग्नल नुसता पुढे पाठवणारं उपकरण, तेही फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, मॉडेलचं लेबल खरवडलेलं. असा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे सिग्नलच्या वाटा, तीनच: १, ६ आणि ११. लालबागसारख्या दाट वस्तीत ते सगळे गच्च भरलेले.

पैशांचं दुःख होतंच, पण पुढे जे दिसलं त्याने झोप उडाली. राउटरमध्ये ११ अनोळखी उपकरणं जोडलेली होती. पासवर्ड त्या बसवणाऱ्या माणसानेच घातला होता, मी तो बदललाच नव्हता. चाळीच्या तळमजल्यावरची दोन घरं त्याला महिन्याला ₹३०० देत होती. त्यांना वाटत होतं, हे कंपनीचंच कनेक्शन! त्या नेटवरून कुणी काही वाईट केलं असतं, तर पोलीस आधी माझ्या दाराशी आले असते, कारण कनेक्शन माझ्या नावावर.

मग करारपत्र नीट वाचलं. माझ्या प्लॅनमध्ये पत्त्याबाहेर नेट द्यायलाच परवानगी नव्हती. म्हणजे घरच्यांसाठी का असेना, मुळातच मी विचारून घ्यायला हवं होतं. दोन्ही डबे काढले आणि चाळीत दादाच्या नावावर मोबाइल टॉवरवरून चालणारं नेट घेतलं.

तुम्हाला दोन इमारती जोडायच्याच असतील, तर कंपनीची परवानगी लेखी घ्या. उपकरणाचा मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्या आणि डब्यावरच्या नंबराशी ताडून पहा. दोन्ही टोकांचे पासवर्ड बसवणाऱ्यासमोरच बदला. स्पीड स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटा बंद करून, रात्री नऊच्या गर्दीत तपासा. उरलेले पैसे त्यानंतरच द्या.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. माझी यूपीआयची पावती जोडली, तळमजल्यावरच्या ताईंच्या तीन महिन्यांच्याही जोडल्या. रोख दिलेल्या ₹३,५०० चा मात्र माझ्याकडे काहीच पुरावा नाही. तो माणूस आमचे फोन उचलत नाही, पण काळाचौकीत अजून कामं घेतो असं परवा कळलं, म्हणून आजच लिहिलं.