नवा फायर पंपसेट, दहा महिन्यांनंतर: पंप उत्तम, पण जॉकी मोजत राहा

सप्टेंबरमध्ये एका रात्री दोनच्या सुमारास आमचा मेन फायर पंप आपोआप चालू झाला. आग कुठेच नव्हती. जॉकी पंपाचा, म्हणजे लाइनचं प्रेशर टिकवून धरणाऱ्या छोट्या पंपाचा, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) जळाला होता, त्यामुळे लाइनचं प्रेशर उतरत गेलं आणि मेनने आपलं काम केलं. वॉचमनने घाबरून पॅनलचा सिलेक्टरच (ऑटो की ऑफ ते ठरवणारा स्विच) ऑफवर टाकला. सकाळी कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत चौदा मजल्यांची इमारत फायर पंपाविना होती. तेव्हापासून हा अनुभव लिहायचा होता, कारण पंप निवडताना सगळे मेन पंपाच्या एचपीवर बोलतात, जॉकीकडे कुणी बघत नाही.

आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडला. बिल्डरने दिलेला जुना सेट सडला होता, म्हणून जानेवारीत नवा बसवला. मेन मिनिटाला 2280 लिटरचा, डिझेल तेवढाच, जॉकी 180 लिटरचा. खाली 75 हजार लिटरची टाकी, गच्चीवर 10 हजारांची. सेटिंग असं (आकडे लाइनच्या प्रेशरचे, किलो प्रति चौरस सेंटीमीटर): जॉकी 8 किलोला चालू, 9 ला बंद, मेन 7 ला, डिझेल 6 ला. मेन चालू आपोआप होतो, बंद मात्र हातानेच करावा लागतो. काही सभासदांना हा पॅनलचा दोष वाटला. दोष नाही, तसंच असायला हवं. वर कुणी पाइप धरून उभा असताना पंपाने स्वतःच्या मनाने थांबायचं नसतं.

पंपांबद्दल तक्रार नाही. डिझेल इंजिन दर शनिवारी चालवतो, पहिल्या स्टार्टला उठतं. मेनच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट पंपाबाहेर येतो तिथल्या पॅकिंगच्या जागेतून, थेंब थेंब पाणी गळतं, तेही गळूच द्यावं. त्या पाण्यानेच पॅकिंग आणि शाफ्ट थंड राहतात. आमच्याकडे एका मिस्त्रीने ‘गळती बंद करतो’ म्हणून नट आवळले आणि पुढच्या टेस्टला ग्लँडला हात लावता येईना इतका तो तापला. पितळी नोझल मात्र घेऊ नका. खालच्या दोन मजल्यांवरची चोरीला गेली, आता सगळीकडे स्टेनलेस स्टीलची लावलीत.

आता जॉकीकडे येतो. पहिले पाच महिने तो दिवसातून दोन-तीनदा चालायचा. एवढं चालतं, एखाद्या होज रीलचा व्हॉल्व्ह किंचित पाझरतो, ग्लँड टपकतात. जूनच्या शेवटी तो दर चार-पाच मिनिटांनी सुरू होऊ लागला. पाच-सहा सेकंद घुर्र करायचा आणि थांबायचा. पंपरूमच्या वर राहणाऱ्या आजींना झोप लागेना, त्यांच्यामुळेच आम्हाला कळलं.

एजन्सीचा माणूस आला. प्रेशर स्विच बदलला, पैसे वेगळे घेतले, कारण आमच्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) स्पेअर धरलेले नाहीत. फरक शून्य. दुसऱ्या खेपेला त्याने एअर व्हेसल (प्रेशरला उशी म्हणून हवा धरून ठेवणारं लाइनवरचं भांडं) पाण्याने भरलंय असं सांगितलं, ते रिकामं करून पुन्हा हवा धरली. या वेळी खरंच फरक पडला, जॉकी वीस-पंचवीस मिनिटांनी चालू लागला. मी ग्रुपवर एजन्सीचं कौतुकही केलं. ते कौतुक आता मागे घेतो. व्हेसलमधल्या हवेमुळे दोन वेळांमधलं अंतर तेवढं वाढलं होतं, जॉकी प्रत्येक वेळी जास्त वेळ चालत होता. पाणी पूर्वीइतकंच जात होतं. महिन्याभरात व्हेसलमधली हवा पुन्हा गेली आणि तीच घुरघुर परत सुरू झाली.

मग कोटेशन आलं: नवा जॉकी, 68 हजार. शिवाय ‘जमिनीखालची लाइन फुटली असेल, अंगण खोदावं लागेल’, त्याचा खर्च निराळा.

इथे मी हिशोब मांडला. मिनिटाला 180 लिटरचा पंप सहा सेकंद चालतो म्हणजे ढोबळ 18 लिटर. साडेचार मिनिटांनी एकदा धरलं तर मिनिटाला 4 लिटर, दिवसाला साडेपाच हजारांच्या वर. दोन दिवसांत दहा हजारांचा एक टँकर! विजेचं म्हणाल तर दिवसाला दोन-तीन युनिटं, ते किरकोळ. पण मोटर दिवसाला तीनशेच्या वर वेळा स्टार्ट होते, कॉन्टॅक्टर जळणारच. आमच्याकडे पाणी आधी फायरच्या टाकीत पडतं आणि तिथून ओसंडून वापराच्या टाकीत जातं, म्हणजे फायरच्या टाकीत पाणी साचून खराब होत नाही. त्यामुळे फायर लाइनमधून गेलेला प्रत्येक लिटर आमच्या नळाचा होता. पावसाळ्यात टँकर कमी का होत नाहीत, यावर कमिटीत महिनाभर वाद झाला होता. उत्तर पंपरूममध्ये होतं.

कॉन्टॅक्टर जळल्यावर एजन्सीने एक नवा, विशीतला टेक्निशियन पाठवला. त्याने कशालाही हात लावायच्या आधी तिन्ही पंप काही वेळ बंद ठेवले आणि मला गेजसमोर उभं केलं. काटा 9 वरून भराभर उतरला, 6 च्या खाली आला आणि साडेचारवर येऊन थांबला. पंधरा मिनिटं झाली तरी हलला नाही.

“काका, गच्चीची टाकी इथून किती उंच?”

साधारण 45 मीटर. दहा मीटर पाण्याला एक किलो, म्हणजे साडेचार. रायझर, म्हणजे मजल्यांमधून वर जाणारा उभा फायर पाइप, वरच्या टाकीला जोडलेला असतो, मध्ये एनआरव्ही (एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह) असतो. टाकीचं पाणी लाइनमध्ये खाली यावं, पण पंपाचं पाणी टाकीत वर जाऊ नये म्हणून. काटा टाकीच्या उंचीवर थांबला याचे दोनच अर्थ. लाइन कुठे फुटली असेल तर आता टाकी तिला पाणी पुरवतेय, म्हणजे टाकीची पातळी उतरत जाणार. नाहीतर एनआरव्ही नीट बंद न होता पाणी वर सोडतोय आणि जॉकी चालू असताना टाकी भरून वाहत असणार. आम्ही वर गेलो. पातळी उतरण्याचं सोडाच, टाकी काठोकाठ भरलेली होती आणि पंप पुन्हा चालू करून ओव्हरफ्लोच्या पाइपला कान लावला तर आत खळखळ ऐकू येत होती. तो पाइप थेट पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडलेला. जूनपासून पाऊस, कोण बघणार?

एनआरव्हीचं झाकण उघडलं. फ्लॅपच्या पितळी कडेला नखाएवढी गंजाची खपली आणि गॅस्केटचा तुकडा अडकलेला होता. पाणी सतत तिथूनच घासत गेल्यामुळे सीटवर बोटाला लागेल अशी चर पडली होती. जूनमध्ये जुलैच्या फॉर्म बीच्या (फायर यंत्रणेच्या सहामाही दाखल्याच्या) आधी खालचे लँडिंग व्हॉल्व्ह (मजल्यांवरच्या हायड्रंटचे व्हॉल्व्ह) बदलायला याच एजन्सीने लाइन रिकामी केली होती. तेव्हा वरच्या टाकीतलं पाणी तळाचा गाळ घेऊन या व्हॉल्व्हमधून धावलं असणार. नवा 100 मिलिमीटरचा एनआरव्ही साडेसात हजारांत बसला. पंप बदलला नाही, अंगण खोदलं नाही.

खरा राग मला 68 हजारांचा नाही. जुलैत याच एजन्सीने फॉर्म बी सही करून दिला. महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे तो जानेवारी आणि जुलैत, लायसन्सधारक एजन्सीने यंत्रणा चालू आणि सुस्थितीत असल्याची खात्री करून द्यायचा असतो. तेव्हा टाकी वाहत होती, जॉकी दर पाच मिनिटांनी धडपडत होता. आमच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशीची नोंद आहे: तळमजल्याचा हायड्रंट उघडला, फोटो काढले. गच्चीच्या किल्लीची नोंदच नाही. तळमजल्यावर प्रेशर कुठल्याही पंपाने मिळतं. पाणी कमी पडलं तर ते सगळ्यात वरच्या हायड्रंटला पडणार, आणि तिथेच साडेतीन किलो मिळायला हवेत. चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे कळायला नको?

तरी एजन्सी बदललेली नाही, कारण तो मुलगा तिथे आहे. कंत्राटात दोन ओळी वाढवून घेतल्या: प्रत्येक टेस्ट गच्चीच्या हायड्रंटपासून सुरू होईल आणि गेज सोसायटीचं लागेल, लाइन रिकामी केली की भरल्यानंतर तिन्ही पंप तासभर बंद ठेवून काटा कुठे थांबतो ते लिहून द्यायचं. पॅनलवर जॉकीसाठी स्टार्ट मोजणारा काउंटरही लावलाय, हजाराच्या आत आला. वॉचमन सकाळ-संध्याकाळ आकडा लिहितात. त्यांना सिलेक्टरचंही नीट दाखवलंय: आग नाही याची खात्री झाल्यावरच मेनचं स्टॉप बटण दाबायचं, सिलेक्टर ऑटोवरून हलवायचा नाही.

नवीन सेट घेणाऱ्यांनी काउंटर कोटेशनमध्येच मागून घ्या, आणि जुना एनआरव्ही तसाच ठेवून नवे पंप बसवू देऊ नका. आमचा काउंटर सध्या दिवसाला दोन दाखवतो, कधी तीन. टँकर आठवड्याला तीनने कमी झालेत. जानेवारीचा फॉर्म बी जवळ आलाय, गच्चीची किल्ली मी स्वतःकडे ठेवली आहे.